पाण्याखालची लावणी

(मंडळाच्या निधीसंकलन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत 'लावणी' हा शब्द वाचून काही काका मंडळी मुद्दाम पुढच्या रांगेत येऊन बसली आहेत. त्यांना आधीच सांगून टाकतो, ही भाताच्या लावणीच्या जातीची लावणी आहे, ढोलकी नाही. आता उठून जायचं असेल तर बटाटेवड्याचा काउंटर डाव्या हाताला आहे. पण जाताना बाहेरच्या टेबलाकडे बघून जा.

त्या टेबलावर चाळीस पारदर्शक पेले मांडले आहेत. प्रत्येकात मूठभर हिरवंगार काहीतरी दिसेल. सकाळपासून तीन जणांनी ही कोथिंबीर आहे का, असं विचारलं आहे. कोथिंबीर नाही. फिशटँकच्या तळाशी गालिच्यासारखी पसरणारी ती एक पाणवनस्पती आहे आणि गेले काही महिने मंडळातल्या आम्ही पाच जणांनी आपापल्या घरी ती वाढवली आहे. एका पेल्याला पाच पौंड. जमणारी सगळी रक्कम कोकणातल्या एका माध्यमिक शाळेला सूक्ष्मदर्शक घेण्यासाठी जाणार आहे.

पणती विकली, भेटकार्ड विकलं, की विकणाऱ्याचं काम संपतं. रोपाचं तसं नसतं. ते घरी नेल्यावर आठवड्यात मेलं तर देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही चुटपुट लागते. आणि ते फार चांगलं जगलं तर काय होतं, तेही सांगायला हवं. म्हणून हे भाषण.

आधी ही भानगड काय आहे ते थोडक्यात. झाडं लावलेल्या टाकीची रचना नाटकाच्या नेपथ्यासारखी असते. मागे उंच झाडं, मध्ये दगड किंवा लाकूड आणि पुढे, अगदी काचेजवळ, बुटकी हिरवळ. ही पुढची हिरवळ सगळ्यात अवघड. उंच झाड दिव्याच्या जवळ असतं, त्याला प्रकाश आपसूक मिळतो. तळाशी रांगणाऱ्या रोपाला मात्र उरलासुरला प्रकाश. शिवाय ते सगळ्यांच्या नजरेसमोर, म्हणजे पान पिवळं पडलं की पाहुण्यांचं लक्ष नेमकं तिथेच जातं.

या हिरवळीचं वेड जगभर लावलं ते जपानच्या ताकाशी अमानो यांनी. १९५४ साली निगाता इथे जन्मलेले हे गृहस्थ छायाचित्रकार होते. आधी लोक टाकीत मासे ठेवायचे आणि माशांना बरं वाटावं म्हणून चार झाडं लावायचे. अमानोंनी ते उलटं केलं. आधी डोंगर, माळरान, जंगल आणि मग त्यात शोभतील तेवढेच मासे. २०१५ मध्ये ते गेले. त्याच वर्षी लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी उभी केलेली पाण्याखालच्या जंगलाची टाकी लोकांसाठी खुली झाली. तिची लांबी ४० मीटर आणि पाणी १ लाख ६० हजार लिटर. 

अमानोंच्या काळात हिरवळीसाठी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची ग्लॉसोस्टिग्मा चालायची. मग क्युबातली एक वनस्पती आली, पान मोहरीच्या दाण्याएवढं. दिसायला अप्रतिम, पण स्वभाव जावयासारखा. प्रकाश जरा कमी पडला की रुसली, कार्बन डायऑक्साइड कमी झाला की पूर्ण तुकडाच जमिनीतून उपटून वर तरंगायला लागला. आमच्या पेल्यातली वनस्पती त्यानंतरची. ती २०१०च्या सुमाराला अर्जेंटिनातून या छंदात आली. तिथल्या मिसिओनेस प्रांतातल्या माँटेकार्लो गावावरून तिला बाजारात 'मॉन्टे कार्लो' म्हणतात. जुगाराच्या मॉन्टे कार्लोशी तिचा काही संबंध नाही, त्यामुळे या टेबलावर पैसे लावायला घरून हरकत येऊ नये. सुरुवातीला तिला लोक भलतीच वनस्पती समजले आणि त्या चुकीच्या नावाने ती विकली गेली. नंतर ती 'मायक्रॅन्थेमम ट्वीडीआय' असल्याचं ठरलं. पान मसुराच्या दाण्याएवढं, गोलसर, पोपटी. क्युबावालीपेक्षा मोठं, पण तब्येतीने काटक. नवशिक्याने हिरवळ लावायची असेल तर आम्ही हिचंच नाव सांगू.

आता कुणीतरी विचारेल की आपल्याकडचं काही नाही का यात? आहे. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर पावसाळ्यात सीतेची आसवं फुलतात, ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असतील. निदान कुणाच्या तरी फोटोत. युट्रिक्युलेरिया हे त्यांचं शास्त्रीय घराणं. त्याच घराण्यातली गवतासारख्या पानांची एक जात, युट्रिक्युलेरिया ग्रॅमिनिफोलिया, भारतातही उगवते आणि टाकीत हिरवळ म्हणून लावली जाते. ही मंडळी कीटकभक्षी असतात. मुळांऐवजी बारीक फुग्यांसारखे सापळे असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात. म्हणूनच खतावलेली माती तिला मानवत नाही, आणि नवशिक्याने खत घालून तिचा जीव घ्यायचा हे ठरलेलं. ते सापळे नीट बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. कोकणातल्या त्या शाळेच्या आवारात पावसात काय काय उगवत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. मात्र पुढच्या वेळी भारतात जाल तेव्हा पठारावरून मुळासकट चिमूटभर उपटून सुटकेसमध्ये घालून आणू नका. फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राशिवाय तिथलं रोप इकडे आणता येत नाही. आणि ती आसवं तिथेच बरी.

पेल्याकडे वळू. आमच्यातले चौघे सॉफ्टवेअरवाले आहेत, त्यामुळे सगळ्याची आकृती काढायची खोड आहे. पण इथे ती आकृती खरंच उपयोगी पडते. रोपाला तीन गोष्टी लागतात: प्रकाश, कार्बन डायऑक्साइड आणि खत. यातली जी सगळ्यात कमी पडेल, वाढ तिच्या वेगाने होते. बाकीच्या दोन कितीही ओता. लोक दुकानात जातात आणि सगळ्यात झगझगीत दिवा घेऊन येतात. दिवा म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर. तो दाबला आणि बाकीचं तेवढं मिळालं नाही, तर रोप उपाशी राहतं आणि उरलेल्या प्रकाशावर शेवाळं मजा मारतं. शेवाळाला फारसं काही लागत नाही. ते भाड्याच्या घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यासारखं कशावरही जगतं.

कार्बन डायऑक्साइडचं गणित जरा समजून घ्या, कारण नव्वद टक्के रडगाणी तिथली असतात. (हा आकडा आमच्या पाच जणांच्या अनुभवातला आहे, कुठल्या जर्नलमधला नाही.) हवेशी समतोलात असलेल्या पाण्यात हा वायू लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असतो. झाडांच्या टाकीत तो २० ते ३० मिलिग्रॅम ठेवायचा प्रयत्न करतात. शिवाय पाण्यातून तो पसरतो हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश. म्हणजे पानाच्या अगदी जवळचा साठा संपला की पुढचा यायला वेळ लागतो, म्हणून पाणी तळापर्यंत हलतं हवं. सिलिंडर, रेग्युलेटर आणि बारीक बुडबुडे करणारी तबकडी असा संच मिळतो. परवडत नसेल तर साखर, पाणी आणि चिमूटभर यीस्ट दोन लिटरच्या बाटलीत घालून झाकणातून नळी काढायची. पाव फुगवणारा वायूच टाकीत जातो. फक्त ही बाटली रात्री बंद होत नाही. अंधारात झाडंही कार्बन डायऑक्साइडच सोडतात, आणि सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसले तर समजायचं की मात्रा जास्त झाली. सिलिंडर असेल तर तो दिव्याच्या आधी तासभर चालू आणि दिव्याबरोबर किंवा थोडा आधी बंद. टायमर लावा. इंजिनियरने रोज आठवणीने बटण दाबणं हे शिक्षणाला शोभत नाही.

आता लावणी. पेल्यातलं रोप प्रयोगशाळेतून आणलेल्या रोपापासून वाढवलं आहे. आपण बाहेर वाढवलं म्हणून त्यात जेली नाही. पण दुकानातून टिश्यू कल्चरचा पेला घेतलात तर मुळांना चिकटलेली जेली कोमट पाण्यात हलक्या हाताने धुऊन काढा, नाहीतर तिथे बुरशी धरते. मग पुंजका तसाच्या तसा खड्ड्यात पुरायचा नाही. त्याचे नखाएवढे पंधरा-वीस तुकडे करायचे आणि भाताच्या चुडासारखे, दोन-तीन सेंटिमीटर अंतर सोडून, लांब चिमट्याने खोचायचे. पानं वर एवढीशी दिसतील इतकं खोल. चिमटा वर काढताना थोडा तिरका काढा, म्हणजे रोप त्याच्याबरोबर वर येत नाही. कंबर मोडते. कोकणातल्या आजीला हे सांगितलं तर ती हसेल, कारण आपण हे खुर्चीवर बसून करतो.

इथे एक युक्ती आहे आणि आमच्या मते या छंदातली सगळ्यात मोठी सोय तीच आहे. टाकीत पाणी भरायचंच नाही. माती फक्त ओली करायची, पाणी मातीच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली. रोपं लावायची, वरून क्लिंगफिल्म ताणायची, दिवा दहा-बारा तास चालू. दिवसातून एकदा फिल्म उघडून वारा द्यायचा आणि हलका फवारा मारायचा. ही वनस्पती मुळात काठावरची आहे, ओलीवर मजेत जगते. हवेतून हवा तेवढा कार्बन डायऑक्साइड फुकट मिळतो. पाणीच नाही म्हणून पाण्यातलं शेवाळं नाही. रोपं मुळं रोवतात आणि चार ते आठ आठवड्यांत तुकडे एकमेकांना भिडतात. सगळा तळ झाकला की सावकाश पाणी भरायचं. तोटा एकच. दीड-दोन महिने घरातले विचारत राहतात की मासे कधी येणार. आमच्यातल्या एकाच्या मुलीने त्या काळात क्लिंगफिल्मवर माशाचं चित्र काढून चिकटवलं होतं. तेवढ्यावर निभावलं.

पाणी भरल्यावर पहिले दोन-तीन आठवडे काही पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळतात. घाबरू नका. हवेत वाढलेलं पान पाण्याखालच्या कामासाठी बनलेलं नसतं. रोप ते सोडून देतं आणि पातळ, नवीन पान काढतं. टोकाकडे बघा. टोकाला नवीन हिरवं पान येत असेल तर रोप ठीक आहे. या दिवसांत दिवा सहा तास, दर दोन-तीन दिवसांनी निम्मं पाणी बदलायचं, कारण नव्या खतावलेल्या मातीतून अमोनिया सुटतो. मासे टाकायची घाई नको. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दिवा वाढवला, खत बदललं आणि नवा फिल्टर लावला, हे सगळं एकाच शनिवारी केलं तर रविवारी जे बिघडेल ते कशाने, हे देवालाही सांगता येणार नाही. प्रॉडक्शनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी कोड टाकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आपल्या भागातल्या नळाच्या पाण्याबद्दल बरेच जण विचारतात. चहाच्या किटलीत पांढरा थर बसतो तेच हे पाणी, जड. मॉन्टे कार्लो ते चालवून घेते.

सिलिंडर, बाटली, यातलं काहीच नको असेल तर? कोरड्या पद्धतीने आधी गालिचा करून मग बेताच्या प्रकाशात ती तग धरते, पण वाढ संथ. त्यापेक्षा मार्सिलिया लावा. आपल्याकडे भाताच्या खाचरात चार पाकळ्यांच्या पानाची, क्लोव्हरसारखी दिसणारी वनस्पती असते ना, तिची ऑस्ट्रेलियातली चुलत बहीण. किंवा श्रीलंकेची क्रिप्टोकोरिने पार्वा. ही इतकी सावकाश वाढते की तिच्याबरोबर घराचं मॉर्गेज फिटेल.

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे ती चांगली जगली तर. गालिचा पसरला, दुपारी पानांवर ऑक्सिजनचे मोत्यासारखे बुडबुडे दिसायला लागले, फोटो काढून झाले, की तो थरावर थर चढवायला लागतो. वरचा थर खालच्याचा प्रकाश अडवतो. खालचा पिवळा पडतो, कुजतो आणि एक दिवस अख्खी सतरंजी सुटून वर येते. म्हणून दर काही आठवड्यांनी वाकड्या कात्रीने सेंटिमीटरभर उंचीपर्यंत छाटायची. निर्दयपणे छाटा. हात आखडणाऱ्यांचीच सतरंजी तरंगते.

छाटलेले शेकडो तुकडे पाण्यावर येतात. प्रत्येक तुकड्याच्या पेऱ्याला मूळ फुटू शकतं. आता या तुकड्यांचं काय करायचं?

या देशात या प्रश्नाचं एक उत्तर तळ्यातळ्यांत दिसतं. क्रॅस्युला हेल्म्सी नावाची ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची बुटकी वनस्पती इथे तळ्यांसाठी, टाक्यांसाठी शोभेची म्हणून विकली जायची. १९५६ साली ती एसेक्समधल्या एका तळ्यात मोकळी वाढताना सापडली. त्यानंतर ती देशभर पसरली. काठावर आणि पाण्यात दाट सतरंजी धरते, इथल्या मूळ वनस्पतींना जागा ठेवत नाही, आणि एका पेऱ्याच्या, काही मिलिमीटरच्या तुकड्यापासून पुन्हा उगवते. बदकाच्या पायाला किंवा आपल्या बुटाला चिकटून पुढच्या तळ्यात जाते. एप्रिल २०१४ पासून इंग्लंडमध्ये तिच्यासह पाच पाणवनस्पतींच्या विक्रीवर बंदी आहे. तोपर्यंत ती सर्वदूर पोहोचली होती. लक्षात घ्या, ही काही तण म्हणून आलेली नव्हती. कुणीतरी आवडीने, पैसे मोजून घरी नेलेली होती.

आपल्याला हे दुसरीकडे शोधायला नको. पुण्याच्या मुळा-मुठेवर, पाषाण तलावावर, कोल्हापुरात पंचगंगेवर जलपर्णी पाहिलेले इथे कितीतरी जण असतील. दक्षिण अमेरिकेतून तीही तिच्या जांभळ्या फुलांसाठीच जगभर गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बंगालमध्ये पोहोचली आणि १९३६ मध्ये बंगाल सरकारला तिच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. मनासारखं हवामान आणि सांडपाण्याचं खत मिळालं की दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. मग जेसीबी लावून ती काढायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा काढायची. आळंदीला इंद्रायणीच्या काठी उभं राहिलं की ही गोष्ट भाषणापेक्षा लवकर कळते.

आपल्या लोकांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं याचं कारण आपली एक सवय. टाकून द्यायला जीव होत नाही असं काहीही आपण वाहत्या पाण्यात सोडतो. निर्माल्य, जुना फोटो, फुटलेली मूर्ती. त्यामागे भावना चांगली असते, त्या गोष्टीला उकिरडा दाखवायचा नसतो. छाटलेल्या रोपांच्या बाबतीत हीच भावना जागी होते, 'बिचारी जिवंत आहेत, बागेतल्या तळ्यात सोडू या.' मॉन्टे कार्लो गरम प्रदेशातली आहे, इथल्या थंडीत मरेलच, असा हिशेबही करू नका. तुमच्या पाण्याबरोबर बारीक गोगलगायी आणि दुसऱ्याच एखाद्या वनस्पतीचे तुकडेही जातात, त्यांचा हिशेब कुणी केलेला नसतो.

म्हणून आम्ही काय करतो ते सांगतो. छाटायच्या आधी फिल्टर बंद करतो. तुकडे बारीक जाळीने काढतो. जेवढे चांगले असतील ते डब्यात घालून ओळखीच्या टाकीवाल्याला देतो. बाकीचे वर्तमानपत्रावर पसरून पूर्ण वाळवतो आणि मग कचऱ्यात किंवा घरच्या कंपोस्टमध्ये. पाणी बदलताना निघालेलं पाणी घरातल्या कुंड्यांना. तळं, ओढा, कॅनॉल यांच्या जवळपासही नाही. टाकी बंद करायची वेळ आली तरी हेच. मंडळात फोन करा, आमच्यापैकी कुणीतरी येऊन घेऊन जाईल, मासेसुद्धा.

प्रत्येक पेल्याच्या झाकणावर एक चिठ्ठी चिकटवली आहे, तिच्यावर वनस्पतीचं पूर्ण नाव आहे आणि आत्ता सांगितलेलं चार ओळींत लिहिलं आहे. चिठ्ठी फेकू नका, टाकीच्या मागच्या काचेवर चिकटवा. पुढच्या वेळी तुम्ही कुणाला तुकडा द्याल तेव्हा नावही द्या. 'ते हिरवं बारीक' एवढ्यावर पुढे सरकवू नका.

टाकी नसलेल्यांनीही पेला घ्यायला हरकत नाही. झाकणाची मोठी काचेची बरणी, तळाला तीन बोटं माती, ओलावा आणि खिडकीजवळचा, पण थेट उन्हाचा नसलेला उजेड एवढ्यावर ती बरणीत हिरवळ धरते. काकूंनी लोणच्याची रिकामी बरणी वापरायची असेल तर आधी चार वेळा धुवावी, मीठ तिला चालत नाही. आणि ज्यांना झाडही नको, बरणीही नको, त्यांनी पाच पौंड देऊन पेला टेबलावरच ठेवून जावा. तो आम्ही पुन्हा विकू.

पैसे रोख किंवा कार्डने, पावती खजिनदारांच्या टेबलावर. ज्यांना गिफ्ट एडचा फॉर्म भरायचा असेल त्यांच्यासाठी वेगळी देणगीपेटी आहे, कारण पेल्याची किंमत ही खरेदी धरली जाते, देणगी नाही. प्रश्न असतील तर आम्ही पाचही जण टेबलापाशी आहोत. बटाटेवडे संपायच्या आत या.